पादुआचा अंतोनी

मागील पावसाळ्याच्या आरंभी आमच्या एका खेड्यातील मंडळीत एका वृद्ध विधवेचा बैल हरवला. जोडी कर्ज काढून घेतलेली, पेरणी तोंडावर आलेली, आणि सावकाराचा हप्ता तर बैल दावणीस असो वा नसो, भरावाच लागणार. अशा वेळी त्या बाईचा जीव कसा तळमळला असेल हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. शेजारच्या वस्तीत रोमन काथोलिक कुटुंबे राहतात. त्यांपैकी कोणी तिला सांगितले की, संत अंतोनीच्या नावाने एक मेणबत्ती बोल, म्हणजे हरवलेली वस्तू सापडते. बाईने नवस बोलला. तिसऱ्या दिवशी बैल पलीकडच्या गावच्या कोंडवाड्यात सापडला. दंड भरून त्यास सोडवून आणल्यावर ती आमच्याकडे आली, आणि मान खाली घालून तिने दोन गोष्टी विचारल्या. आपल्या हातून पाप घडले काय, ही एक. आणि हा अंतोनी होता तरी कोण, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीचे उत्तर आमच्याजवळ तयार होते. देव आणि मनुष्ये ह्यांमध्ये मध्यस्थ एकच आहे, तो प्रभु येशू ख्रिस्त. त्याच्यापाशी जावयास दुसऱ्या कोणाची चिठ्ठी लागत नाही. हे आम्ही तिला समजावून सांगितले आणि तिला ते पटले. परंतु दुसऱ्या प्रश्नापुढे आम्ही थबकलो. सेमिनरीत मंडळीचा इतिहास शिकताना ह्या मनुष्याविषयी दोन ओळी वाचल्याचे स्मरत होते, त्यापलीकडे काही नाही. ज्याच्या नावाने लाखो लोक गुडघे टेकतात, त्याने काय केले व काय सोसले हे ठाऊक नसताना त्याविषयी बोलणे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून पुढील काही महिने सवड मिळेल तसे आम्ही त्याचे चरित्र वाचले. वाचू लागलो तेव्हा खंडनाचे मुद्दे मिळवावे असा आमचा हेतु होता, हे कबूल केले पाहिजे. वाचून झाल्यावर हेतु निराळा झाला.

अंतोनी हा इटली देशातील पादुआ शहराच्या नावाने ओळखला जातो, तरी जन्माने तो पोर्तुगीज होता. पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा ते आपल्या देशाच्या ह्या साधूचे नावही बरोबर घेऊन आले. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन बंधूंनी बांधलेल्या ज्या जुन्या देवळाचे अवशेष आहेत, ते देऊळ त्याच्याच नावाचे होते. त्याचा जन्म लिस्बन शहरी सुमारे ११९५ साली झाला. घर मानाचे व खाऊनपिऊन सुखी होते आणि शहराच्या मुख्य देवळाजवळच होते. आईबापांनी त्याचे नाव फर्नांदो ठेवले, व त्यास देवळाच्या शाळेत घातले. पंधरा वर्षांचा झाला असता त्याने घर सोडून शहराबाहेरील एका मठात प्रवेश केला. तेथील लोक आगुस्तीनच्या नियमाप्रमाणे चालत असत. परंतु लिस्बन जवळच. मित्रमंडळी व नातलग वारंवार भेटीस येत आणि घरच्या गोष्टी सांगत बसत. दोन वर्षे असे चालल्यावर त्याने वडिलांच्या नव्हे तर मठाधिपतीच्या पाया पडून आपणांस दूर पाठवावे अशी विनंती केली, आणि तो कोइम्ब्रा नगरातील मोठ्या मठात गेला.

कोइम्ब्रा ही त्या वेळी राजधानी होती व तेथील मठात ग्रंथांचा चांगला संग्रह होता. तेथे फर्नांदो आठ नऊ वर्षे राहिला. ह्या वर्षांविषयी चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही, कारण लिहिण्याजोगे काही घडले नाही. तो पवित्र शास्त्र वाचीत होता, एवढेच. मूळ चरित्र त्याच्या मरणानंतर लवकरच एका बंधूने लिहिले. त्यात असे आहे की, वाचलेले त्याच्या स्मरणात इतके दृढ राही की पुढे स्मरणशक्ती हेच त्याचे पुस्तक झाले. छापखाना निघावयास अजून दोनशेहून अधिक वर्षे होती. एका शास्त्राची हस्तलिखित प्रत करावयास कित्येक महिने लागत, आणि तिची किंमत गरीब मनुष्याच्या स्वप्नातही येणारी नव्हती. आपल्या प्रचारक बंधूंच्या पिशवीत आज जे पुस्तक असते, ते त्या काळी साखळीने मेजास बांधून ठेवीत.

कोइम्ब्राच्या वेशीबाहेर जैतुनाच्या झाडांत एक लहानशी झोपडी होती. तीत असीसीच्या फ्रान्सिसचे काही अनुयायी राहत. फ्रान्सिस हा व्यापाऱ्याचा मुलगा. सर्वस्व सोडून, भिक्षा मागून सुवार्ता सांगत फिरणाऱ्या बंधूंचा संघ त्याने नुकताच काढला होता. हे बंधू अनवाणी, जाड्याभरड्या अंगरख्यास दोरी बांधून मठाच्या दाराशी भाकरी मागावयास येत. त्यांपैकी फारच थोड्यांस लिहितावाचता येत असे. त्यांच्याच संघातील पाच जण मोरोक्को देशात उपदेश करावयास गेले होते. राजाने त्यांस देशाबाहेर घालवले तरी ते परत गेले, आणि १६ जानेवारी १२२० रोजी माराकेश येथे त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांची हाडे कोइम्ब्रास आणून फर्नांदोच्याच मठात ठेवण्यात आली.

हाडांचा मान करणे हे आमच्या मताने योग्य नाही. परंतु त्या पेट्या पाहून ह्या तरुणाच्या मनात काय आले ते पाहा. त्याने त्या हाडांपाशी काही मागितले नाही. आपण ग्रंथ वाचीत बसलो आहो, आणि ज्यांस अक्षर येत नाही त्यांनी प्राण दिले, हा विचार त्यास सोडीना. भाकरी मागावयास आलेल्या बंधूंस त्याने सांगितले की, मला मोरोक्कोस पाठवीत असाल तर मी तुमचा अंगरखा घालीन. त्यांनी ते मान्य केले. नव्या संघात शिरताना त्याने अंतोनी हे नवे नाव घेतले. त्या झोपडीजवळील देऊळ मिसर देशातील प्राचीन संन्यासी अंतोनी ह्याच्या नावाचे होते, त्यावरून ते पडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस तो मोरोक्कोस पोहोचला, आणि पोहोचताच आजारी पडला. सारा हिवाळा तापात अंथरुणावर गेला. एकासही उपदेश करता आला नाही, कोणी त्यास छळले नाही, कोणी त्याची दखलही घेतली नाही. हुतात्मा होण्यास निघालेला मनुष्य दुखणाईत होऊन परतीच्या गलबतावर चढला. ते गलबतही स्वदेशी पोहोचले नाही. वादळाने ते सिसिली बेटास नेऊन लावले. आमच्या ओळखीचे एक प्रचारक आहेत. मोठ्या उत्साहाने नव्या क्षेत्रात गेले आणि हिवतापाने सहा महिन्यांत परत आले; लोकांस तोंड दाखवावयास त्यांस लाज वाटे. त्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

सिसिलीतील बंधूंबरोबर अंतोनी १२२१ च्या पन्नासाव्या दिवसाच्या सणास असीसी येथे गेला. तेथे संघाची मोठी सभा भरली होती. तीन हजार बंधू जमले होते असे सांगतात. ते गवताच्या व चटयांच्या झोपड्यांत उतरले होते, व स्वतः फ्रान्सिस आजारी असल्यामुळे पुढाऱ्यांच्या पायांशी जमिनीवर बसला होता. सभा संपली आणि निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य आपआपली माणसे निवडून निघाले. अंतोनीस कोणी निवडले नाही. परका, अशक्त, बोलणे पोर्तुगीज, कामास काय येणार? शेवटी त्यानेच उत्तर इटलीतील रोमान्या प्रांताच्या मुख्यास विनंती केली, आणि त्याने दया येऊन त्यास बरोबर नेले. आपण काय शिकलो आहो हे अंतोनीने सांगितले नाही.

फोर्ली नगराजवळ मोंते पाओलो नावाचा डोंगर आहे. तेथील एकांतातील घरात काही अशिक्षित बंधू राहत. त्यांच्यासाठी उपासना चालविणे, आणि राहिलेल्या वेळी भांडी घासणे व घर झाडणे हे काम त्याने पत्करले. जवळच्या गुहेत तो प्रार्थनेस जाई आणि भाकरीचा एक तुकडा व पाण्याचे भांडे बरोबर नेई. ज्याच्या मुखात सारे शास्त्र आहे तो मनुष्य राखेने हंडे घाशीत आहे, आणि शेजारी बसलेल्यास त्याचा पत्ता नाही. असे सुमारे एक वर्ष गेले.

१२२२ साली फोर्ली येथे काही तरुणांस दीक्षा देण्याचा प्रसंग होता. फ्रान्सिसच्या संघाचे लोक आले होते व दोमिनिकच्या संघाचेही आले होते. दोमिनिकचे बंधू उपदेशाबद्दल प्रसिद्ध, म्हणून यजमानांना वाटले की तेच बोलतील. आणि पाहुण्यांना वाटले की यजमान बोलतील. त्यामुळे कोणीच तयारी केली नव्हती. ज्याला त्याला विचारले, प्रत्येकाने नकार दिला. अखेर वरिष्ठाने अंतोनीकडे बोट दाखविले आणि पवित्र आत्मा जे सुचवील ते बोल अशी आज्ञा केली. ह्यास थोडेबहुत लातीन येते, एवढेच वरिष्ठास माहीत होते. अंतोनीने पुष्कळ विनवणी करून पाहिली, पण आज्ञा ती आज्ञा. तो उठला आणि साध्या शब्दांनी, भीत भीत बोलू लागला. हळूहळू आवाज चढला, शास्त्रातील एक वचन दुसऱ्यास जाऊन मिळू लागले, आणि ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. त्या दिवसापासून भांडी घासणे सुटले.

संघाने त्यास उपदेशक नेमले, आणि पुढील नऊ वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तो चालत राहिला. प्रथम उत्तर इटलीत; नंतर बोलोन्या येथे बंधूंस शास्त्र शिकविण्याचे काम मिळाले. फ्रान्सिसला विद्येची भीती वाटत असे, कारण विद्येबरोबर गर्व व पुस्तकांबरोबर मालमत्ता येते हे त्याने पाहिले होते. तरीही त्याने अंतोनीस एक लहानसे पत्र लिहून शिकविण्यास संमति दिली. अट एवढीच की, अभ्यासामुळे प्रार्थनेचा आत्मा विझू नये. मग सुमारे १२२४ पासून तीन वर्षे अंतोनी फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात माँपेल्ये, तुलूझ, लिमोझ ह्या बाजूस होता. १२२६ च्या ऑक्टोबरात फ्रान्सिस वारला, व पुढील वर्षी अंतोनीस उत्तर इटलीतील बंधूंचा मुख्य नेमण्यात आले.

येथे आमच्या मनात एक अडचण उभी राहते, ती वाचकांपासून लपवीत नाही. रोमन मंडळीने त्यास पाखंड्यांचा हातोडा असे नाव दिले आहे. दक्षिण फ्रान्सात व उत्तर इटलीत त्या वेळी दोन प्रकारचे लोक मंडळीपासून फुटून निघाले होते. एक काथार, ते दोन देव मानीत आणि शरीर हे सैतानाची करणी समजत. त्यांचे मत ख्रिस्ती नव्हते व त्यांच्याशी वाद करणे योग्यच होते. परंतु दुसरे वाल्दोचे अनुयायी. ते शास्त्र लोकांच्या भाषेत आणून गरिबीने सुवार्ता सांगत फिरत, आणि त्यांस आम्ही प्रॉटेस्टंट लोक आपले पूर्वज मानतो. दक्षिण फ्रान्सात पोपच्या हाकेने १२०९ पासून १२२९ पर्यंत तलवार चालली आणि गावेच्या गावे उजाड झाली. अंतोनीच्या हाती तलवार होती असे कोठे लिहिलेले नाही. त्याचे शस्त्र शब्द होते. तरी ज्या देशात शब्दाच्या मागे फौज उभी आहे तेथे उपदेशकाचा शब्द निर्मळ राहतो काय, हा प्रश्न आम्हांस पडतो. १२२९ साली तुलूझ येथे भरलेल्या धर्मसभेने सामान्य लोकांनी जुना व नवा करार जवळ बाळगू नये असा ठराव केला. अंतोनी तेव्हा इटलीस परतला होता. ज्याचे सारे सामर्थ्य शास्त्रपठनात होते, त्याने हे ऐकून काय म्हटले असते हे जाणावयास आम्ही फार उत्सुक आहो. परंतु त्याविषयी त्याचा एक शब्दही उरलेला नाही.

चमत्कारांच्या कथा तर पुष्कळ आहेत. रिमिनी येथे लोक ऐकेनात तेव्हा तो समुद्रकाठी जाऊन माशांना उपदेश करू लागला, आणि मासे पाण्याबाहेर डोकी काढून ओळीने उभे राहिले, ही कथा सर्वत्र सांगतात. ती पुष्कळ काळानंतर लिहिली गेली आहे आणि आम्ही तिच्यावर भिस्त ठेवीत नाही. ह्यातून एवढे मात्र दिसते की, न ऐकणारे श्रोते त्यालाही भेटले होते. हातावर बाळ येशू घेतलेले जे चित्र वसईकडे व मुंबईकडे घरोघर दिसते, तेही मागाहून आलेले आहे. हरवलेल्या वस्तूंची कथा अशी की, एका नवशिक्या बंधूने त्याची स्तोत्रसंहितेची पोथी चोरून नेली, अंतोनीने प्रार्थना केली, आणि चोराने भिऊन ती परत आणली. ही खरी असली तरी एवढेच सिद्ध होते की, अंतोनीने आपल्या हरवलेल्या वस्तूसाठी देवाकडे प्रार्थना केली.

१२३० साली त्याने प्रांताच्या कारभारातून मोकळीक मागून घेतली. पोप नववा ग्रेगरी ह्याच्याकडे संघाच्या नियमाविषयी काही शंका घेऊन गेलेल्या मंडळींत तो होता. तेथे त्याचा उपदेश ऐकून पोपाने त्यास कराराच्या कोशाची उपमा दिली असे सांगतात. नंतर तो पादुआस येऊन राहिला. इतर उपदेशकांस उपयोगी पडावी म्हणून वर्षाच्या सर्व रविवारांची टाचणे त्याने आधीच लिहिली होती, आता सणांच्या दिवसांची लिहू लागला. ही टाचणे आजही उपलब्ध आहेत. तो ओळीओळीस शास्त्राची वचने गुंफतो. पशुपक्षी, झाडे, रत्ने ह्यांचे दाखले देतो, आणि प्रत्येक शब्दाचा चारचार रीतींनी अर्थ लावतो. त्यांतील पुष्कळ अर्थ ओढूनताणून लावलेले आहेत. आम्ही सेमिनरीत असे लिहिले असते तर गुरुजींनी वही परत फेकली असती. परंतु दोन जातींच्या लोकांविषयी बोलताना त्याची लेखणी आडवळण घेत नाही. एक, कळपाची लोकर कातरून त्यास चारा न घालणारे धर्माधिकारी, दुसरे, सावकार. योएल संदेष्ट्याने टोळधाडीस सिंहाचे दात असल्याचे लिहिले आहे. ते दात अंतोनी सावकाराच्या तोंडात दाखवितो, आणि ते गरिबांचे, अनाथांचे व विधवांचे धन चावीत असतात असे म्हणतो.

त्यास असे कारण होते. पादुआ हे भरभराटीचे नगर होते. १२२२ साली तेथे विद्यापीठ निघाले होते, व्यापार वाढत होता, आणि व्यापाराबरोबर व्याजबट्टाही वाढत होता. उघड सावकारी करणाऱ्यास प्रभुभोजन देऊ नये व मेल्यावर ख्रिस्ती रीतीने पुरू नये असा नियम मंडळीने ११७९ सालीच केला होता. परंतु श्रीमंतास आड येणारा नियम कागदावरच निजतो, हे तेव्हाही खरे होते. कर्ज फिटले नाही तर कर्जदारास तुरुंगात घालीत, आणि त्यास जामीन राहिलेल्यासही घालीत. तुरुंगात बसलेला मनुष्य कमावणार कोठून आणि फेडणार काय? घरची माणसे असेल नसेल ते विकून त्यास सोडवू पाहत, आणि विकण्यास काही नसले तर तो आत कुजत राही.

१२३१ चा उपवासकाळ आला. अंतोनीने चाळीस दिवस रोज उपदेश करावयाचे ठरविले, आणि तसे केले. त्याचे अंग जलोदराने सुजले होते; चालताना त्यास धाप लागे. प्रथम उपदेश देवळांत होत. देवळे पुरेनात म्हणून लोक नगराबाहेरच्या कुरणात जमू लागले. चांगली जागा मिळावी म्हणून खेड्यापाड्यांतून स्त्रीपुरुष मध्यरात्री दिवट्या घेऊन निघत. उपदेश चालू असता दुकाने बंद राहत. तीस हजार लोक जमत असे मूळ चरित्रात आहे. संख्येत थोडे कमीअधिक असेल, परंतु नगर रिकामे होत असे ह्यात संशय नाही. लोक त्याच्या अंगरख्याचे तुकडे कातरीने कापून नेऊ लागले, तेव्हा सभोवती दांडगे तरुण उभे करावे लागले. हे वाचून आम्हांस वाईट वाटते. तो बोलत होता त्यापेक्षा त्याचा कपडा पुष्कळांस अधिक मोलाचा वाटत होता, आणि हे तो जिवंत असतानाच.

तथापि सर्वच कातरी घेऊन आले नव्हते. पिढ्यानपिढ्यांचे वैरी एकमेकांस भेटले. लुबाडलेली व व्याजात घेतलेली मालमत्ता लोकांनी परत केली. गहाण पडलेली घरे व शेते सोडून दिली. रोज इतके लोक पापे कबूल करावयास येत की तितके ऐकून घेण्यास पाळक पुरत नसत. अंतोनी पहाटेपासून हेच करी, मग उपदेश, मग पुन्हा हेच. सूर्य मावळेपर्यंत तो अन्नास शिवत नसे.

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. सावकाराचे मन पालटले तर त्या एका सावकाराचे ऋणको सुटतील. मन न पालटलेल्यांचे काय? तो नगराच्या अधिकाऱ्यांकडे गेला. त्या वर्षी स्तेफानो बादोएर हा पादुआचा पोदेस्ता, म्हणजे मुख्य अधिकारी, होता. मार्च महिन्यात, उपवासकाळ संपावयाच्या आधी, नगराच्या सभेने नवा कायदा केला. तो असा की, कर्जदार किंवा त्याचा जामीन आपली मालमत्ता सोडून देण्यास तयार असेल, तर पैशाच्या कर्जासाठी त्यास तुरुंगात ठेवू नये. मग ते कर्ज मागचे असो, आताचे असो वा पुढचे असो. हा कायदा बंधू अंतोनीच्या मागणीवरून केला, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. पादुआच्या जुन्या कायद्यांच्या संग्रहात ते कलम आहे. माशांच्या कथेस साक्षी नाही. ह्यास नगराची साक्ष आहे.

पुनरुत्थानाचा सण झाल्यावर तो आणखी एका कामास निघाला, आणि ते फसले. व्हेरोना येथे एझेलिनो दा रोमानो नावाचा एक क्रूर सरदार होता. त्याने काउंट रिझार्दो व त्याचे साथीदार ह्यांस कैदेत टाकले होते. त्यांच्या आप्तांच्या विनंतीवरून अंतोनी सुजलेल्या पायांनी तेथे गेला, एझेलिनोसमोर उभा राहिला, आणि कैद्यांसाठी बोलला. एझेलिनोने ऐकले नाही. अंतोनी हात हलवीत परत आला. पुढे कथा रचणाऱ्यांनी एझेलिनो त्याच्या पाया पडला असे लिहिले आहे. कैदी सुटले नाहीत हे पादुआच्या बखरकारास ठाऊक होते.

आता शक्ती सरली होती. नगराच्या उत्तरेस काम्पोसामपिएरो येथे एका सरदाराच्या रानात अक्रोडाचे मोठे झाड होते. त्याच्या फांद्यांत चटयांची एक खोपी बांधून घेऊन अंतोनी तेथे प्रार्थनेत राहू लागला. १३ जून १२३१, शुक्रवार. दुपारच्या जेवणास तो खाली उतरला आणि पानावरच त्याचे अंग लुळे पडले. आपले ओझे तेथील गरीब बंधूंवर पडू नये म्हणून पादुआस न्यावे अशी त्याने इच्छा दाखविली. बैलगाडी जुंपली. जूनचे ऊन, खडबडीत वाट, गाडीत आजारी मनुष्य. आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या माणसांस असेच दवाखान्याच्या वाटेने नेले असेल. नगर दृष्टीस पडले, परंतु पुढे नेण्यात अर्थ नाही असे पाहून त्यांनी आर्चेला येथील बंधूंच्या घरी गाडी थांबविली. त्याने पापांगीकार केला आणि मरियेचे एक स्तोत्र म्हटले. ते आम्ही म्हटले नसते. पण तो आपल्या काळचा मनुष्य होता. नंतर त्याची दृष्टी वर लागून राहिली. काय पाहतोस असे एकाने विचारले, तेव्हा आपण आपल्या प्रभूस पाहत आहो असे त्याने सांगितले. थोड्या वेळाने प्राण गेला. वय सुमारे ३६ वर्षांचे होते.

बंधूंनी मृत्यूची बातमी लपवून ठेवण्याचा यत्न केला, परंतु पोरे रस्त्यांतून साधु मेला, साधु मेला असे ओरडत सुटली. मग प्रेतासाठी भांडण जुंपले. आर्चेलाकडील लोक म्हणत येथेच ठेवा. नगरातील बंधू म्हणत आमच्या देवळात आणा. दोन्हीकडचे लोक हत्यारे घेऊन बाहेर पडले. ज्याने आयुष्यभर वैरी एकत्र आणले, त्याच्या प्रेताभोवती चार दिवस पहारे होते. अखेर मंगळवारी, १७ जून रोजी, नगरात दफन झाले. मंगळवार हा त्याचा वार मानतात तो ह्यामुळे. वर्ष पुरे होण्याच्या आत, ३० मे १२३२ रोजी, स्पोलेतो येथे पोप ग्रेगरीने त्याची संतांत गणना केली. १२६३ साली कबर उघडली तेव्हा सर्व शरीराची माती झाली होती, परंतु जीभ तशीच होती असे सांगतात. ती सोन्याच्या पात्रात ठेवून पादुआस येणाऱ्या यात्रेकरूंस दाखवितात. १९४६ च्या जानेवारीत पोप बाराव्या पायसने त्यास मंडळीचा आचार्य ही पदवी दिली, आणि तिला सुवार्तेचा हे विशेषण जोडले. टाचणांच्या त्या पोथ्यांकडे ह्या निमित्ताने पुष्कळांचे पुन्हा लक्ष गेले, हे चांगले झाले.

हे सर्व आम्ही त्या विधवा बाईस एका रविवारी उपासनेनंतर सांगितले. मंडळीतील आणखी दहाबारा माणसे ऐकत बसली होती. डोंगरावरील भांडी, तो वायां गेलेला मोरोक्कोचा प्रवास, बैलगाडी, ही सारी तिने शांतपणे ऐकून घेतली. जिभेचे ऐकून ती थोडी हसली. तुरुंगाच्या कायद्याशी आलो तेव्हा मात्र तिने आम्हांस थांबविले, आणि तो भाग पुन्हा सांगावयास लावला. मग तिने विचारले की, सुटलेल्यांस त्यांची शेते परत मिळाली काय? आम्ही सांगितले की, नाही. ज्यांस सावकाराने आपखुशीने दिली त्यांस मिळाली. कायद्याने सुटले ते सर्व सोडून देऊन, रिकाम्या हातांनी घरी गेले. ती काही वेळ बोलली नाही. मग पदर सावरून उठली. बैलास पाणी दाखवावयाची वेळ झाली होती.